अर्थिंगवाले साळुंखेकाका

बडोद्यातल्या आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की बाकीचे लोक विचारतात, कुठले तुम्ही, नोकरी कुठे, मुलं किती. साळुंखेकाका विचारतात, "अर्थिंग आहे का?"

नवा माणूस बावचळतो. टेम्पोतून फ्रीज उतरत असतो, बायको देवांचं खोकं शोधत असते, आणि दारात पायजमा-बंडीतले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ हातात टेस्टर घेऊन उभे. त्या बंडीला छातीशी एक अरुंद खिसा आहे. तो त्यांनी फतेगंजच्या शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलाय. लोक खिशाला पेन लावतात, काका टेस्टर लावतात.

मग "माफ करजो, बेन" एवढं म्हणून ते थेट स्वयंपाकघरात शिरतात. पिशवीतून होल्डरला लावलेला शंभरचा बल्ब काढतात आणि त्याच्या दोन वायरी सॉकेटमध्ये घालतात, एक वीज येते त्या भोकात आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात. कुणी फार वाकून बघायला लागलं तर ओरडतात, "हे तुम्ही करायचं नाही हं, माझं सगळं आयुष्य यात गेलंय." बल्ब लख्ख पेटला तर "बराबर" म्हणून तुमच्याकडचा चहा घेतात. मिणमिणला तर चहा घेत नाहीत. आणि पेटलाच नाही तर तुमच्याकडचं पाणीसुद्धा पीत नाहीत, पुढे कधी आले तरी घरात सुतक असल्यासारखे पायरीवरूनच परत जातात.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्याकडे बल्ब मिणमिणला होता. अकरा वर्षं या माणसानं आमच्या घरचा चहा घेतला नाही. माझ्या सासूबाईंशी गप्पा मारायला रोज संध्याकाळी यायचे, वहिनी वहिनी म्हणून तासभर बसायचे, पण अंगणातल्या खुर्चीवर, आणि घ्यायचे ते फक्त पाणी. मला इतका संताप यायचा! माझ्या हातच्या चहाला आमचा सगळा समा भाग नावाजतो, आणि हे गृहस्थ एका भोकापायी नाही म्हणतात!

काका वीजखात्यात लाइनमन म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई होते. "ते तलवार घेऊन फिरायचे, मी टेस्टर घेऊन फिरतो," असं म्हणतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पुण्याला. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, तेव्हा काका अंगणात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. जावई बरा? नात बरी? अर्थिंगमध्ये पाणी घातलं? फोन दोन मिनिटांत संपतो. नंतर बराच वेळ ते फोन हातात धरून उभे असतात.

आता अर्थिंग म्हणजे काय, हे मला काकांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. "सूनबाई, वीज म्हणजे पाहुणा. एका वायरीनं येतो, काम करतो, दुसऱ्या वायरीनं जातो. पण कधीतरी घरात मारामारी होते, वायर सोलवटते, पाहुणा बिथरतो आणि मिक्सरच्या पत्र्यावर येऊन बसतो. अशा वेळी त्याला पळायला मागचं दार पाहिजे. ते दार म्हणजे अर्थिंग. ते नसेल तर तो तुमच्या अंगावरून जाणार." आणि मग बोट वर करून, त्यांच्या त्या बडोदी मराठीत, "म्हणून पहेलां जमीन, पछी वीज." आधी जमीन, मग वीज.

सोसायटीच्या मीटरच्या खोलीमागे अर्थिंगचा खड्डा आहे. त्यात लोखंडी पाइप, कोळसा, मीठ. माती कोरडी पडली की वीज जमिनीत नीट जात नाही, म्हणून काका रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तिथे नेऊन ओततात. ओल्या पंच्यानं, उघड्या अंगानं, ओठ हलवत. ओठ हलायचे कारण ते मनात तारीख मोजायचे, मीठ कधी घातलं होतं ते. पण शेजारच्या हंसाबेनना ते काय माहीत! त्यांनी चार दिवस गच्चीवरून पाहिलं आणि पाचव्या दिवशी पाइपला कुंकू लागलं. मग लाल दोरा आला, उदबत्ती आली, आणि एका मंगळवारी नारळ फुटला.

काका चवताळले. "बेन, आ अर्थिंग छे, भगवान नथी!" हंसाबेन हात जोडून म्हणाल्या, "काका, जे आपणने बचावे ए भगवान." म्हणजे, आपल्याला वाचवतो तो देव. मग काकांच्या लक्षात आलं की हंसाबेन रोज दोन तांबे पाणी घालतात, आणि उपासाच्या दिवशी तीन. तेव्हापासून ते पूजेला हरकत घेत नाहीत. गेल्या वर्षी मलेरियानं आठ दिवस अंथरुणावर होते, तेव्हा खिडकीतून मला हाक मारून विचारलं, "हंसाबेनची पूजा चालू आहे ना?"

काकांच्या पुतणीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट तर पार पलीकडच्या हरणी भागापर्यंत पोचली. मुलाकडे बघायला गेले. मुलगा चांगला, घर चांगलं, पोहे झाले. काका हात धुवायला म्हणून उठले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "मुलगा पसंत आहे. घर नापसंत. गीझरला जमीन नाही." मुलाच्या आईला वाटलं, हे लोक शेतजमीन मागताहेत! ती म्हणाली, अहो, आम्ही नोकरदार माणसं, आमच्याकडे कुठली जमीन? शेवटी त्यांनी अंगणात पाइप पुरला तेव्हाच काकांनी साखरपुड्याला होकार दिला. पुतणी आज सुखात आहे. गीझरही सुखात आहे.

तर असे हे काका. हसण्यावारी नेत होतो आम्ही त्यांना. मी तर जास्तच.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तीन वर्षांपासून ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. सिलिंडर वेगळा, हे मशीन वेगळं. हे विजेवर चालतं, हवेतूनच ऑक्सिजन ओढून नळीनं नाकात देतं. लाइट आहे तोवर ठीक. मागच्या पावसाळ्यात मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत आलं, कंपनीनं वीज बंद केली, आणि दीड दिवस आम्ही एका छोट्या सिलिंडरचा काटा बघत काढला. तो काटा मला अजून दिसतो. त्यानंतर ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पेट्रोलवरचा एक जनरेटर आणला. मोठ्या सुटकेसएवढा, लाल रंगाचा, वर उचलायला दांडी.

दुकानदारानं सोबत एक वायर दिली. तिच्या दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरमध्ये खुपसायचं, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये, की सगळं घर चालू. "फक्त मेन स्विच पाडायला विसरू नका," असं तो म्हणाला म्हणे. रविवारी आम्ही करून पाहिलं. पंखे फिरले, दिवे लागले, आईंचं मशीन घुर्र करत सुरू झालं. मला तर इतका आनंद झाला की मी शिरा करायला घेतला.

काका अंगणात बसून खिडकीतून आईंशी बोलत होते. त्यांची नजर त्या वायरीवर गेली. उठून आत आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा! ह्यांना विचारलं, "मेन पाडलाय?"

"पाडलाय ना," हे म्हणाले. "म्हणजे, बहुतेक."

काकांनी जनरेटर बंद केला, वायर उपसली, पायजम्याच्या खिशातून पक्कड काढली आणि त्या नव्याकोऱ्या वायरीचे तीन तुकडे केले. एक, दोन, तीन. तुकडे ओट्यावर ठेवले.

माझ्या हातात उलथनं होतं, नाहीतर काय केलं असतं सांगवत नाही. "काका, डोकं फिरलंय का तुमचं? आमच्या आईंचा जीव आहे त्या वायरीवर!"

"हो," काका म्हणाले. "आणि दुसऱ्या कुणाचाही." आणि निघून गेले.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. समोरून दिसले की मी मोगऱ्याला पाणी घालायचे, आधी घातलेलं असलं तरी. शेवटी पाचव्या दिवशी आईंनी मला जवळ बसवलं. त्या एका दमात बोलू शकत नाहीत, दोन-चार वाक्यं झाली की थांबतात. तेवढं थांबत थांबत त्यांनी मला रमणभाईची गोष्ट सांगितली. अकरा वर्षं शेजारी राहून मला ती माहीत नव्हती.

रमणभाई काकांचा जोडीदार. दोघं पंधरा वर्षं बरोबर काम करायचे, डबा एकत्र खायचे, त्याच्या घरचे ठेपले काका खायचे आणि काकांच्या घरची भाकरी तो. एकदा हरणीच्या बाजूला तार तुटली. काकांनी मागच्या सबस्टेशनातून लाइन बंद करून घेतली, तपासून बघितली. खांबावर चढायच्या आधी एक नियम असतो. तारांवर एक साखळी अडकवायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत पुरायचं. म्हणजे नंतर कुठूनही वीज आली तरी ती माणसाला सोडून मातीत जाते. साखळी गाडीत होती आणि गाडी पुढच्या गल्लीत. कुणाच्या तरी घरी साखरपुडा होता, लोक खाली उभं राहून ओरडत होते, किती वेळ, किती वेळ. काका म्हणाले, "राहू दे रमण, लाइन मेलेलीच आहे. चढ."

आणि तो वर असताना जवळच्या कुठल्यातरी घरात कुणीतरी जनरेटर चालू केला. अशाच दोन पिनांच्या वायरीवर, मेन न पाडता. घरातली वीज उलटी निघाली, ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली, आणि तिथे दोनशेतीस व्होल्टची अकरा हजार झाली. रमणभाईचे दोन्ही हात तारेवर होते, तो जिवंत खाली आला नाही.

आईंनी दम घेतला. मग म्हणाल्या, "कुणाच्या घरून आली ते कधी कळलंच नाही गं. तेव्हापासून भाऊजी दारोदार विचारत फिरतात. आणि दुसऱ्यांचं काय, साखळी तर भाऊजींनीच राहू दे म्हटलं होतं ना."

मला माझी लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून राग लगेच गेला असं काही नाही. मी तशी खट आहे. काकांकडे जाऊन माफी मागावी असं रोज वाटायचं, आणि रोज काहीतरी काम निघायचं.

माझी माफी तशीच राहिली आणि पुढच्या रविवारी सकाळी सातला काकाच आले. खांद्यावर आठ फुटांचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, हातात घण. नमस्कार नाही, चमत्कार नाही. अंगणात दोनदा चालून पावलं मोजली आणि म्हणाले, "इथे." इथे म्हणजे माझ्या मोगऱ्यात. मी म्हटलं, काका, जरा बाजूला? ते म्हणाले, "इथली माती ओली आहे. चार दिवस फार पाणी घातलंत तुम्ही." कपाळ माझं!

मोगरा गेला. त्याच्या जागी रॉड जमिनीत उतरला, त्याला जाड वायर, आणि वायरीचं दुसरं टोक जनरेटरच्या पत्र्याला बोल्टनं आवळलं, आणि एक वायर घरातल्या सॉकेटांनाही नेली. जनरेटरसाठी अंगणाच्या टोकाला विटांचा उंच ओटा बांधला, वर पत्रा टाकला. मी म्हटलं, पोर्चमध्येच ठेवूया की, चोर नेतील. "धूर घरात शिरला तर चोर आलेला बघायला तुम्ही उरणार नाही," काका म्हणाले. "त्या धुराला वासही नीट येत नाही, माणूस झोपेतच जातो." मग मीटरजवळ त्यांनी एक हँडलवाला पेटीसारखा स्विच बसवला. चेंजओव्हर. हँडल वर केलं की कंपनीची वीज, खाली केलं की जनरेटरची, मधे काहीच नाही. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. विसरा, घाई करा, भांडा, तरीही नाहीत. काका त्या हँडलवर हात ठेवून म्हणाले, "एका म्यानात एकच तलवार."

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे नियमही लिहून भिंतीवर लावले, अर्धे मराठीत, अर्धे गुजरातीत. आधी जनरेटर चालू, मग हँडल खाली. पेट्रोल भरायचं ते बंद करून, थंड झाल्यावर. ओल्या हातानं काही नाही. आणि सगळ्यात खाली, "घाईत असणाऱ्यानं हात लावू नये," आणि कंसात माझं नाव! आमच्याकडून पाच वेळा सराव करून घेतला. आईंनाही काम दिलं, खाटेवरून "थांबा" म्हणून ओरडायचं. आई ते इतक्या हौसेनं करायच्या की एकदा विनाकारणच ओरडल्या.

सगळं झाल्यावर काकांनी तो बल्ब काढला. लख्ख पेटला. तो पिशवीत परत ठेवत म्हणाले, "बराबर. सूनबाई, चहा टाका." अकरा वर्षांनी! आणि मी मेली साखर घालायला विसरले. त्यांनी तो तसाच प्यायला, आणि वर चांगला झालाय म्हणाले.

यंदा पाणी पुन्हा आलं. हे कारखान्यातच अडकले, फोनवर नुसतं "काळजी घ्या" म्हणत राहिले. वीज गेली तशी मी नियमाप्रमाणे सगळं केलं, आणि खरं सांगते, काही चुकलं नाही. चुकता येतच नव्हतं. मशीन चालू राहिलं. पेट्रोल भरायला जनरेटर बंद करायची वेळ आली की तेवढ्यापुरता आईंना छोटा सिलिंडर लावायचा. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतलं पाणी ओसरून गुडघ्यावर आलं, आणि आमच्याकडे पेट्रोलचा शेवटचा कॅन रिकामा झाला. सिलिंडरही संपला होता. टाकीत होतं ते दीडेक तासाचं.

आणि लाइनमन आले! भरतभाई नाव, पंचेचाळीस-पन्नासचे, पांढरी होत चाललेली मिशी, दोन दिवस झोप नसल्यासारखे डोळे. बरोबर शिडी धरायला एक जण. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर वरची तार निखळली होती, एवढी जोडली की वीज येणार होती. सगळी सोसायटी पाण्यात उतरून गोळा झाली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. भरतभाईंनी फोन करून मागून लाइन बंद असल्याची खात्री केली आणि शिडीवर पाय ठेवला.

साळुंखेकाका शिडीला पाठ लावून उभे राहिले. "साखळी?"

"काका, साखळी ट्रॅक्टरमध्ये छे. ट्रॅक्टर मेन रोडवर. लाइन बंद छे ने, मैं खुद..."

"साखळी आणा."

"एवढं पाणी तुडवत? पंधरा मिनिटांचं काम आहे, काका!"

लोक ओरडायला लागले. काका, बाजूला व्हा. काका, दोन दिवस झाले. आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी मी होते, हे कबूल करते. "काका, आईंसाठी तासाभराचं पेट्रोल उरलंय! आणि आपला स्विच तर तुम्हीच बसवलाय, तुमचा आमच्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे, सूनबाई," काका म्हणाले. "माझ्यावर नाही." आणि पायजमा वर खोचून ते स्वतःच मेन रोडच्या दिशेनं पाण्यातून चालायला लागले. हंसाबेन गच्चीवरून किंचाळल्या, "काका, पाणीमां मगर हशे!" काका मागे न बघता म्हणाले, "मगरीचं अर्थिंग आपल्यापेक्षा बराबर असतं, बेन."

शिडी धरणारा माणूस शरमेनं त्यांच्यामागून गेला. यायला-जायला चाळीस मिनिटं लागली. मी त्या चाळीस मिनिटांत काकांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दर पाच मिनिटांनी आत जाऊन आईंकडे बघायचे, बाहेर येऊन टाकीत बघायचे. आई मात्र शांत. म्हणाल्या, "येऊ दे त्यांना."

आले. वाटेतल्या खोलगटात छातीपर्यंत भिजलेले, ओठ निळे, साखळी गळ्यात घातलेली. भरतभाईंनी लांब काठीनं ती तारांवर अडकवली, दुसरं टोक जमिनीत रोवलं. ठिणगी नाही, आवाज नाही, काही नाही. लाइन बंद होती ती बंदच होती. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, उगाच एक तास घालवला.

भरतभाईंनी शिडीवर पाय ठेवला आणि काकांकडे वळून, आता चढू का म्हणून अदबीनं विचारलं, "काका, हवे चढू?"

काकांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांची मान हलायला हवी होती, तीही हलेना. भरतभाई थांबले. सगळे थांबले. काकांचा हात छातीशी त्या अरुंद खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मला माहीत होतं तो कुठला शब्द आहे. तिथे उभ्या असलेल्यांत कुणालाच माहीत नव्हतं, फक्त मला.

मी घाईची बाई. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "चढा, भरतभाई," मी म्हणाले.

आणि ते चढले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. अरे देवा, मी हे काय बोलले! हा माणूस माझ्या शब्दावर चालला आहे. याच्या घरी कोण आहे, मला ठाऊक नाही. सोसायटीत तीन घरी जनरेटर आहेत, त्यांच्या वायरी कशा आहेत, मला ठाऊक नाही. साखळी आहे, हो, साखळी आहे. मी त्या साखळीकडे बघत राहिले. तो एक शब्द काकांनी किती वर्षं उरावर वागवलाय, हे मला तेव्हा कळलं. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते काही खोटं नाही.

तेवढ्यात आमचा जनरेटर खोकला. दोनदा खोकला आणि बंद पडला.

मी पळत आत गेले. आईंची नळी काढली, त्यांना उठवून बसवलं, उशी पाठीशी लावली, वर्तमानपत्रानं वारा घालायला लागले. त्यांचा श्वास वर-वर जायला लागला. ओठ उघडे. मी म्हणत होते, आई, आलीच बघा लाइट, आलीच, आणि कान मात्र बाहेर लागलेला, कुणी ओरडतंय का. एका कानानं आईंचा श्वास ऐकत होते आणि दुसऱ्यानं खांब. किती मिनिटं गेली मला सांगता येणार नाही. आईंनी माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं, पण बोटांनी दाबून त्या मला सांगत होत्या, घाई नको.

मग बाहेर गलका झाला. तो गलका आनंदाचा आहे हे कळायला मला एक क्षण लागला. शेजारच्या घरातला पंखा फिरायला लागला होता. मी मीटरपाशी धावले, ओला हात पदराला नीट पुसला, हँडल मधे घेतलं, थांबले, मग वर केलं. मशीननं शीळ घातली आणि घुर्र झालं. आईंच्या नाकात नळी लावली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रंग परत आला. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "तो माणूस?"

मी बाहेर गेले. खरं तर काकांना तोंड भरून बोलायचं होतं मला. आई जाता जाता वाचल्या होत्या, पाण्याबाहेरच्या माशासारख्या त्या तोंड उघडत होत्या, आणि वर ठिणगीसुद्धा उडाली नव्हती. मी वाक्यं तयार करत करतच पाण्यात उतरले.

लोक पांगले होते. ज्याच्या त्याच्या घरी मोबाइल चार्जिंगला लागले असणार. खांबाखाली फक्त तिघं होते. शिडीवाला साखळी गुंडाळत होता. भरतभाई खाली उतरून उभे होते, आणि काकांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले होते. ते हात उलटे करून बघत होते, सुलटे करून बघत होते, एकेक बोट चाचपत होते, लहान मूल खेळून घरी आलं की आई बघते तसे. भरतभाई अवघडून हसत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काका, हवे हाथ तो छोडो," ते शेवटी म्हणाले. "अजून बे सोसायटी बाकी छे."

"हो, हो," काका म्हणाले. "जा ना. जा."

आणि हात सोडले नाहीत.